तेरा मापे

मनोहर ठोसर रमझानच्या दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, दुबईच्या अल क्वोज भागातल्या आपल्या कामाच्या शेडमध्ये कोसळले. रुग्णवाहिका चौदा मिनिटांत आली. रुग्णालयात पोचण्यापूर्वीच मृत्यू झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. कारण हृदयविकार. वय एकसष्ट. त्या वेळी त्यांची मुलगी ऋतुजा एका मालवाहू विमानात कामावर होती आणि विमान हवेत होते. तिला निरोप साडेचारला, उतरल्यावर मिळाला.

बातमी म्हणून एवढे पुरते. ठोसर कोण होते, हे मात्र त्यांना न पाहिलेल्या माणसाला एवढ्यावरून कळणार नाही.

अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीत ते चौथ्या मजल्यावर राहत, मी सहाव्या. पहिली भेट लिफ्टमध्ये झाली. मी नवे जॅकेट घालून कामावर निघालो होतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे न पाहता बाहीकडे पाहिले.

"मराठी ना? हात वर करा."

मी केला. बाही मनगटावरून मागे सरकली.

"दीड इंच उघडं पडलं. कुणी दिलं हे?"

"दुकानदारानं. मीडियम."

"त्यानं मोजलं?"

"लेबलवर होतं."

"लेबल म्हणजे अफवा," ठोसर म्हणाले. "टेप म्हणजे बातमी. करता काय तुम्ही?"

मी वृत्तपत्रात असतो हे ऐकून ते मनापासून हसले. "मग तुम्हाला तर कळायलाच हवं होतं." त्या दिवसापासून मी 'पत्रकार' झालो. माझे नाव त्यांनी शेवटपर्यंत वापरले नाही.

ते मूळचे सांगलीचे. भारतीय हवाई दलात वीस वर्षे वैमानिकांच्या अंगावरची साधने सांभाळण्याचे काम त्यांनी केले: हेल्मेट, मास्क, लाइफ जॅकेट, हवाई छत्री. पेन्शन घेऊन दुबईला आले आणि अल क्वोजमधल्या एका लहानशा कंपनीत तेच काम करू लागले. एका बाजूला टायरचे गोदाम, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराची कपाटे बनवणारा कारखाना, मध्ये ही शेड. विमान कंपन्यांची साधने तपासणीला आणि दुरुस्तीला तिथे येत. ठोसर तिथे वीसहून अधिक वर्षे होते. स्वतः ते विमानात प्रवासी म्हणूनच बसले, तेही वर्षातून एकदा, सांगलीला जाण्यासाठी.

काही वर्षांपूर्वी या भागातल्या एका देशात लढाई पेटली आणि इथल्या लष्कराला आपल्या विमानांखेरीज आणखी विमाने लागू लागली. तंबू, औषधे, फिरत्या रुग्णालयाचे सामान न्यायचे आणि परतताना जखमींना आणायचे. एका खासगी मालवाहू कंपनीने विमाने दिली. माणसांवर मात्र सक्ती करता येत नव्हती. ते साधे नागरिक होते, नोकरदार. कंपनीने ड्यूटी रूममध्ये एक यादी लावली. जायचे असेल त्याने नाव लिहायचे, न लिहिणाऱ्याला कुणी कारण विचारायचे नाही. जे नाव लिहितील त्यांना संरक्षक कपडे मिळणार होते: आग न पकडणारा ओव्हरऑल, हातमोजे, हेल्मेट, विषारी वायूपासून वाचवणारा मास्क, बुलेटप्रूफ जाकीट आणि समुद्रावरून जायचे म्हणून लाइफ जॅकेट. हे कपडे मापाने देण्याचे काम ठोसरांच्या शेडकडे आले.

त्या दिवसांत मी एकदा शेडमध्ये गेलो होतो. स्वयंसेवकांची पहिली तुकडी आली होती. त्यांच्यात एक लेबनीज कॅप्टन होता, उंच, भरदार, पन्नाशी ओलांडलेला. ठोसरांनी त्याला बूट काढून उभे केले.

"लार्ज," कॅप्टन म्हणाला. "नेहमीच लार्ज. लिहा आणि खलास."

ठोसरांनी कमरेला टेप लावला. "एक्स्ट्रा लार्ज."

"हबीबी, मी तीस वर्षं विमान चालवतोय."

"तुम्ही चालवा. मी मोजतो."

बाकीचे हसले. कॅप्टनही हसला, पण पोट आत घेऊन उभा राहिला. ठोसर शांतपणे थांबून राहिले. श्वास किती वेळ धरणार? तो सुटला तेव्हा त्यांनी आकडा लिहिला. प्रत्येकाची तेरा मापे ते घेत आणि शर्टाची कडही चिमटीत धरून पाहत. आत पॉलिएस्टरची बनियन असेल तर माणसाला परत पाठवत. "ओव्हरऑल पेटणार नाही. पण आतली बनियन वितळेल आणि कातडीला चिकटेल. मग डॉक्टर काय सोलणार?" हे ते इंग्रजीत सांगत, पण त्यातला 'सोलणार' हा शब्द हाताने करून दाखवत. सुती बनियन कुठे मिळते हेही सांगत. "बर दुबईत अठरा दिरहम. म्हणजे चारशेच्या वर रुपये. सांगलीत एवढ्यात तीन येतात, पण आता सांगलीला कोण जाणार?"

लाइफ जॅकेट बुलेटप्रूफ जाकिटाच्या वर घालायचे, आत नाही, हे प्रत्येकाकडून त्यांनी तीनदा करवून घेतले. आत घातले आणि ते फुगले, तर बाहेरचे जाकीट हलत नाही आणि छाती मध्ये चेपली जाते. दोघांनी चूक केली. ठोसर त्यांच्यावर ओरडले नाहीत. "अगेन," एवढेच म्हणाले.

मापे घेणारा कार्डावर सही करी. कपडे आले की दुसरा माणूस ते स्वयंसेवकाच्या अंगावर घालून तपासे आणि तोही सही करी. दोन सह्यांशिवाय कोणी विमानात चढत नसे. ती दुसरी सही बिजूची. तो त्रिशूरचा, ठोसरांच्या हाताखाली शिकलेला, त्यांच्याशी हिंदीत बोलणारा, त्यांना 'सर' म्हणणारा आणि त्यांचेही काम नापास करण्याची परवानगी त्यांच्याचकडून मिळालेला माणूस.

ऋतुजा त्याच मालवाहू कंपनीत लोडमास्टर होती. विमानात कुठला माल कुठे ठेवायचा आणि कसा बांधायचा, हे लोडमास्टर ठरवतो. ती इथेच वाढली, ऊद मेथामधल्या शाळेत शिकली. तेव्हा पंचविशी ओलांडली होती. बापाला ती 'तू' म्हणे, मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देई आणि ठोसर तिला मराठीतच पुढचा प्रश्न विचारत. दोघांचे असे छान चाले.

आपण यादीत नाव लिहिले, हे तिने घरी एका शुक्रवारी जेवताना सांगितले. मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होतो. नीलाकाकूंनी, म्हणजे ठोसरांच्या पत्नीने, वाढता वाढता हात थांबवला.

"कुणाला विचारून?"

"आई, इट्स व्हॉलंटरी. विचारायचं नसतं."

"अहो, ऐकताय ना? काहीतरी बोला."

ठोसर ताकाची वाटी खाली ठेवून म्हणाले, "हेल्मेटच्या आत केस मोकळे चालत नाहीत."

मापे घ्यायच्या दिवशी ऋतुजा नेहमीच्या फेरीवर हाँगकाँगला गेली होती. परतल्यावर तिने बापाला संदेश पाठवला. तो तिने मला नंतर दाखवला. 'बाबा, उद्या सकाळी मोजायला येऊ का?' ठोसरांचे उत्तर: 'गरज नाही. मला ठाऊक आहे.' त्या संध्याकाळी कार्डे पाठवायची होती. त्यांनी तिचे कार्ड भरले आणि सही केली.

कपडे पहिल्या उड्डाणाच्या दोन दिवस आधी आले. ऋतुजा शेडमध्ये गेली. बिजूने सगळे तिच्या अंगावर चढवले.

"हाथ ऊपर, मॅडम."

तिने हात वर केले. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये मनगट उघडे पडले. बिजूने पट्टी लावली. पाच सेंटीमीटर. तो ठोसरांकडे वळला.

"सर, छोटा है। मैं साइन नहीं कर सकता।"

"मत करो," ठोसर म्हणाले.

दुसरा ओव्हरऑल यायला आठवडा लागणार होता. ऋतुजाचे नाव पहिल्या उड्डाणातून निघाले आणि तिच्या जागी दुसरा लोडमास्टर गेला. तिने तिथेच, बिजूसमोर, ओव्हरऑलची चेन उघडता उघडता म्हटले, "यू डिड इट ऑन पर्पज, बाबा." पुढच्या आठवड्यात ती शारजाला, विमानतळाजवळ, दोन मैत्रिणींच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली.

शेडमध्ये चूक झाली की तिच्या रिपोर्टचा अर्ज भरायचा असे. ठोसरांनी इतक्या वर्षांत एकही भरला नव्हता. मॅनेजर त्यांना म्हणाले, "ठोसरभाई, क्लेरिकल एरर लिख दो, खलास." ठोसर म्हणाले, "क्लेरिकल नहीं है, साहब. पेन तो ठीक था." त्यांनी लिहिलेला अर्ज इंग्रजीत आहे. मराठीत तो असा: 'बाहीचे माप पाच सेंटीमीटर कमी. कारण: माप घेतले नाही. आठवणीतून लिहिले. जबाबदारी माझी.' नियमाप्रमाणे एक प्रत शेडमध्ये राहिली आणि एक संबंधित कर्मचाऱ्याला, म्हणजे ऋतुजाला, गेली. मापे घेण्याचे काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. उड्डाणाहून परत आलेले कपडे पहिल्यांदा जिथे उघडतात, त्या टेबलावर त्यांना बसवले.

रविवारी सकाळी आम्ही बर दुबईत भाजी आणायला जात असू. अशाच एका रविवारी मी त्यांना सरळ विचारले, "मुद्दाम केलंत?"

ते गवारीच्या शेंगा निवडत होते. निवडतच राहिले.

"पत्रकार, सगळ्यांना तेच वाटतं. नीलाला वाटतं, बिजूला वाटतं. बिजू तर म्हणतो, सर, मैं भी यही करता. आणि मला नुसतं 'हो' म्हणायचं आहे. 'हो' म्हटलं की मी बाप ठरतो."

"मग?"

"मग काय. खरं ते अर्जात आहे. मी घरी येऊन जुने कागद काढले. मी लिहिलं ते माप तिच्या नववीच्या ब्लेझरचं होतं. ब्लेझर मीच शिवला होता. ती त्यानंतरही वाढली." शेंगा पिशवीत टाकत ते म्हणाले, "लेबनॉनच्या त्या कॅप्टनचं पोट मी चार वेळा मोजलं, अहो."

ऋतुजा दुसऱ्या उड्डाणाला गेली. माप बिजूने घेतले. पुढे ती जातच राहिली. त्या मोहिमेवर तिची किती उड्डाणे झाली, हे कंपनीने सांगितले नाही. ठोसरांना मात्र आकडा ठाऊक होता, कारण प्रत्येक उड्डाणानंतर तिचे कपडे त्यांच्या टेबलावर येत. पिशवीवर नाव असे. नियमाप्रमाणे ते कपडे उघडत, झटकत, शिवणी पाहत, खिसे उलटे करत आणि धुवायला पाठवत. ऋतुजाच्या ओव्हरऑलला इतरांपेक्षा जास्त वेळ लागे, असे बिजू सांगतो.

संध्याकाळी ते नीलाकाकूंना अहवाल देत. मी तो अनेकदा ऐकला आहे.

"गुडघे झिजलेत. म्हणजे साखळ्या स्वतः बांधते, दुसऱ्यावर सोडत नाही."

"बरं."

"पाठीवर मिठाचे डाग आहेत. पाणी कमी पिते."

"काल फोनवर म्हणाली, पिते."

"फोनवर काय, काहीही बोलतात लोक. डाव्या कोपरावर रक्त होतं."

काकू उठून उभ्या राहिल्या.

"तिचं नाही. कापड आतून स्वच्छ होतं. जखमी माणूस उचलला असणार."

एकदा तिच्या खिशात खजुराच्या बिया निघाल्या. नियमाने त्या फेकायच्या. त्या ठोसरांनी घरी आणल्या आणि ओट्यावर ठेवल्या. काकूंनी विचारले, याचे काय करू? "काही नको. जेवते, एवढं कळलं," ते म्हणाले.

ऋतुजा आईला रोज फोन करी. काकू फोन स्पीकरवर ठेवत आणि ठोसर समोर बसून ऐकत. मध्ये एक शब्द बोलत नसत. हे ऋतुजाला ठाऊक होते, असे तिने नंतर मला सांगितले. आई एकटी असली की फोन कधीच स्पीकरवर नसतो. तरी तीही बाबांबद्दल काही विचारत नसे. अर्जाची प्रत मिळाल्याचेही तिने कधी बोलून दाखवले नाही. अर्जावर तिचे काही उत्तर येईल म्हणून ठोसरांनी सुरुवातीला बिजूला रोज विचारले, "उसका कुछ आया?" पुढे विचारणे थांबवले. असे चौदा महिने गेले. तिची शाळेतली एक टोपी दारामागच्या खुंटीवर होती. काकूंनी ती काढून कपाटात ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खुंटीवर दिसली.

मृत्यूच्या तीन आठवडे आधी, एका सोमवारी, ऋतुजा शेडमध्ये आली. मापे दर वर्षी नव्याने घ्यावी लागतात आणि तिची मुदत उलटून गेली होती. माल ओढून तिचे खांदे रुंदावले होते, ओव्हरऑल पाठीत ओढत होता. बिजू टेप घेऊन पुढे झाला.

"सर को बोलो," ती म्हणाली.

"मॅडम, सर अभी मेजर नहीं करते।"

"बोलो ना."

बिजूने मॅनेजरना फोन लावला. मॅनेजर म्हणाले, "करने दो." ठोसर परतीच्या टेबलावरून उठून आले. हात धुतले. ऋतुजा बूट काढून उभी राहिली. आठ मिनिटांचे काम वीस मिनिटे चालले. ठोसर माप सांगत, बिजू लिही. खांद्याचे माप त्यांनी तीनदा घेतले आणि तिन्ही वेळा तोच आकडा सांगितला. बिजूला मराठी येत नाही. दोघांमध्ये पुढे जे बोलणे झाले, ते मला ऋतुजाने सांगितले.

"रिपोर्ट मी पहिल्याच दिवशी वाचला," ती म्हणाली.

"मग तुला कळलं, मुद्दाम नव्हतं."

"हो. तेच तर. मुद्दाम केलं असतंस तर मी आठवडाभर भांडले असते आणि घरी आले असते. यू मेजर एव्हरीबडी, बाबा. ड्रायव्हरला मोजतोस. वरच्या मजल्यावरच्या त्या पत्रकाराला लिफ्टमध्ये मोजलंस. मी विचारलं, येऊ का, तर म्हणे गरज नाही."

ठोसर टेप गुंडाळत होते. तो त्यांनी परत उलगडला.

"चुकलंच," ते म्हणाले. "आता नीट उभी राहा. अजून चार राहिलीत."

तेरा मापे झाल्यावर बिजूने कार्ड पुढे केले आणि ठोसरांनी चष्मा लावून प्रत्येक आकडा वाचून सही केली. त्या शुक्रवारी ऋतुजा अल मनखूलला जेवायला आली. त्यानंतरचे दोन शुक्रवारही आली. तिसऱ्या शुक्रवारच्या आधीचा तो बुधवार.

अंत्यसंस्कार शनिवारी जबल अलीच्या स्मशानभूमीत झाले. शेडमधले सगळे आले होते. लेबनीज कॅप्टनही आला होता. पांढरा सुती सदरा घालून तो मागे उभा होता. सांगलीहून ठोसरांचे धाकटे भाऊ आले. त्यांनी काकूंना बरोबर चलण्याचा आग्रह केला. काकू म्हणाल्या, "ऋतू इथे आहे." ऋतुजाने शारजाची खोली सोडली.

नवा ओव्हरऑल पुढच्या गुरुवारी आला. कार्डावर माप घेणाऱ्याची सही मनोहर ठोसर यांची आहे, तपासणाऱ्याची बिजूची. कंपनीने ऋतुजाला महिनाअखेरपर्यंत रजा देऊ केली होती. पुढच्या उड्डाणाची यादी रविवारी लागली. तिच्यात सहा नावे होती, तिसरे तिचे. विमान मंगळवारी सकाळी सहा चाळीसला सुटले आणि गुरुवारी दुपारी परत आले. कपड्यांच्या पिशव्या एरवी कंपनीची गाडी शेडमध्ये पोचवते. त्या दिवशी पाच पिशव्या गाडीने आल्या. सहावीच्या पावतीवर, आणून देणाऱ्याच्या रकान्यात, ऋतुजा मनोहर ठोसर असे नाव आहे.